दोन जादा पोकळ्या

गाडी एकच. दारं चार, तोंड तेच, बसणं तेच बुटकं.
चारच्या मॉडेलला एक रंग जास्त मिळतो,
सहाच्या मॉडेलला एक आवाज,
असं शोरूमचा हर्षद चौगुले म्हणाला.
त्याच्या बुटांना अजून दुकानाचा वास होता.
"सर, फरक साडेअकरा लाख."
कशाचा?
"दोन सिलिंडरचा, सर."

हे मला सांगायचं म्हणजे
गुळव्याला काहिलीची ओळख करून देणं.
एकतीस वर्षं शिरोलीत ब्लॉक ओततोय.
सिलिंडर म्हणजे काय असतं, मला माहीत आहे:
काही नसतं.
वाळूचा कोअर उभा करायचा,
भोवती चौदाशे अंशांचं लोखंड सोडायचं,
निवलं की ठोकून ठोकून वाळू झाडून टाकायची.
मग जे उरत नाही, ते सिलिंडर.
काट्यावर त्याचं काही भरत नाही.
पुण्याची पार्टी मला किलोवर पैसे देते,
भोकाचे आजवर कुणी दिले नाहीत.
आणि इथं एका भोकाला पावणेसहा लाख.

घरी शालन जीएसटीचं पोर्टल उघडून बसलेली.
"चार घेऊ का सहा?" म्हटलं,
तर मान वर न करता:
"आपल्याकडं दोन आहेत. एक लावलेलं, एक भरलेलं.
एजन्सी काढतोयस का गॅसची?"

रविवारी दोन्ही चालवल्या.
चारची पन्हाळ्याच्या वळणांवर.
नाक हलकं. तालमीतलं कोवळं पोरगं जसं,
वस्तादानं डाव सांगायच्या आत मारून मोकळं.
सहाची कागलच्या बाजूला, हायवेवर.
तिनं काही केलंच नाही.
मी नुसता पाय ठेवला,
आणि उसाच्या ट्रॉल्या आरशात उभ्या राहिल्या.
काटा बघून पाय काढला.
कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं झालं.

परतताना गंगावेशीत म्हशी आडव्या आल्या.
त्यांनी सहाला काही वेगळा मान दिला नाही.

शेवटी उद्यमनगर. दस्तगीर मिस्त्री.
संगणक लावत नाही. एकच हत्यार:
हातभर लांब स्क्रूड्रायव्हर,
पातं इंजिनला, मूठ कानामागच्या हाडाला.
चारवर वाकला, हसला.
"तिसरं जरा खाकरतंय. नवं हाय, बसंल."
सहावर वाकला.
वाकलेलाच राहिला.
मूठ दुसऱ्या कानाला लावून बघितली.
"काही ऐकू येणार नाही, काका," हर्षद छाती काढून म्हणाला.
"तेच म्हणतोय मी.
ह्याचं दुखलं, तर सांगणार कसं हे?"

बापाच्या पिठाच्या चक्कीला एकच होतं.
धप्प,
आणि मग इतका वेळ काही नाही
की दळणाला आलेल्या बायका बोलायच्या थांबायच्या.
मग पुन्हा धप्प.
त्या मधल्या जागेत आम्ही पोरं
पाढ्यातला एकेक आकडा म्हणून घ्यायचो.
सतराचा पाढा मला अजून त्याच चालीत येतो.
बाप दुपारी पोत्यावर झोपायचा,
त्या आवाजात गाढ.
एक ठोका चुकला की उठून बसायचा.

मी चारची घेतली.
शहाणपण म्हणू नका, पैसे होते.
शालनला वाटतं तिच्या बोलण्यानं,
दस्तगीरला वाटतं त्याच्या.
हर्षद अजून फोन करतो, सर, एक्स्चेंजला चांगली ऑफर आहे.
तिसरं अजून खाकरतंय. बसलेलं नाही.

आणि खरं सांगायचं तर
रात्री किणीचा नाका सोडल्यावर
एखादी सहाची शेजारून जाते, न बोलता.
मी काच खाली करतो.
ती गेली त्या जागेत थोडा वेळ
काहीच नसतं.

साडेअकरा लाखांचं ते काहीच नाही
मी फुकटात ऐकतो,
हातकणंगल्याच्या वाऱ्यासकट.